शहरी गनिमी लढ्यातली माणसं पुढं महापालिका आणि पोलीस सांभाळू शकतात का?

प्रश्न थोडक्यात असा: 'मोंटेव्हिडिओ, बोगोटा, बेलफास्ट इथं एकेकाळी भूमिगत राहून बंदुका-बॉम्ब वापरणारे लोक पुढं महापौर, गृहमंत्री, पोलीस मंडळाचे सदस्य झाले. अशा माणसाला शहराचा कारभार जमतो का? पोलीस त्याचं ऐकतात का? आपल्याकडं साताऱ्याच्या पत्री सरकारनं तर नुसते लोकांच्या पायाला पत्रे ठोकले, त्यांना कुठं काय चालवता आलं?'

शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलोय. त्यामुळं आधी त्याचाच निकाल.

मूळ शब्द प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध भूमिगत चळवळीनं सातारा भागात उभं केलेलं समांतर सरकार. तळपायावर काठीचे फटके ही त्यांची शिक्षा होती. ती कठोर होती आणि ती कुणी नाकारत नाही. पण 1943 ते 1946 या काळात तिथं जे चाललं ते एवढंच होतं असं म्हणणं म्हणजे पोलीस खात्याचं वर्णन 'लाठीमार करणारे लोक' एवढ्यावर संपवणं. न्यायदान मंडळं होती. जमिनीचे, गहाणाचे, सावकारीचे, नवरा-बायकोचे तंटे गावासमोर ऐकले जायचे. दारूबंदी होती, कमी खर्चात लग्नं लावली जायची. तुफान सेना हे वेगळं दल होतं आणि कुंडलला त्याचं शिक्षण चालायचं. कुंडलच का, हे फार कमी लोक सांगतात. कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हतं, ते औंध संस्थानात होतं. तिथं 1939 च्या घटनेनं गावपंचायतींना निवडणूक, महसुलातला वाटा आणि गावच्या तंट्यांचा निवाडा एवढं सगळं देऊन टाकलं होतं. म्हणजे भूमिगत चळवळ जिथं रुजली तिथल्या माणसांना पंचायत, ठराव, हिशेब यांची चार वर्षांची सवय आधीच होती. शिवाय ब्रिटिश पोलिसांना संस्थानात शिरायचं तर संस्थानाची मध्यस्थी लागायची. ही भौगोलिक सोय आणि ती कारभाराची सवय, दोन्ही मिळून प्रतिसरकार उभं राहिलं.

पुढं काय झालं? यशवंतराव चव्हाण भूमिगत होते, पकडले गेले, तुरुंगात गेले आणि 1946 मध्ये मुंबई प्रांताच्या गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. ज्या खात्याचे पोलीस त्यांना शोधत होते त्याच खात्याच्या फायली त्यांच्या टेबलावर आल्या. 1966 ते 1970 ते देशाचे गृहमंत्री होते. नक्षलबारी याच काळातली, 1967 ची. वसंतदादा पाटलांनी 24 जुलै 1943 ला सांगलीचा तुरुंग फोडला, गोळी लागून ते पुन्हा पकडले गेले आणि 1977 ला मुख्यमंत्री झाले. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून खासदार होते. प्रतिसरकारातल्याच नागनाथ अण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड यांनी वाळवा आणि कुंडलला साखर कारखाने उभे केले. ऊसबिल, गाळप, कर्जफेड, संचालक मंडळ, वार्षिक सभा. यातलं एक तरी काम बंदुकीनं होतं का?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं. शहरी गनिमाची अडचण बंदूक नसते. अडचण असते ती सवयींची. भूमिगत गट चार-पाच जणांचा. प्रत्येकाला फक्त गरजेपुरतं माहीत. आदेश तोंडी, कागद शक्यतो नाहीच आणि असला तर जाळायचा. पैसा कुठून आला ते विचारायचं नाही. महापालिका याच्या नेमकी उलट चालते. तिथं टिपणीशिवाय नस्ती हलत नाही, स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय खर्च नाही, कार्यादेशाशिवाय काम नाही आणि लेखापरीक्षक पाच वर्षांनीही येऊन विचारतो. पंधरा वर्षं गुप्ततेत जगलेला माणूस विश्वासातल्या चौघांना बोलावून तोंडी निर्णय घेतो, तिथंच तो फसतो.

कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं प्रकरण याचा धडाच आहे. गुस्तावो पेत्रो हे एम-19 या तिथल्या गनिमी संघटनेतले. संघटनेनं मार्च 1990 मध्ये शस्त्रं खाली ठेवली. पेत्रो 1 जानेवारी 2012 ला बोगोटाचे महापौर झाले. शहरातला कचरा खासगी कंपन्या उचलायच्या आणि त्यांचे करार 18 डिसेंबर 2012 ला संपणार होते. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असा तिथल्या घटना न्यायालयाचा आदेश होता. तो पाळायचा म्हणून महापौरांनी काम पालिकेच्या पाणीपुरवठा कंपनीच्या उपकंपनीकडं द्यायचं ठरवलं. हेतू चांगलाच होता. पण त्या शहराचा कचरा दिवसाला सहा हजार टनांच्या आसपास. दहा टनी कॉम्पॅक्टर, दिवसाला दोन खेपा असा हिशेब धरला तरी तीनशे गाड्या रस्त्यावर हव्यात. त्यात दुरुस्तीला उभ्या राहणाऱ्या गाड्या वेगळ्या. कॉम्पॅक्टर वेळेत आले नाहीत आणि उघडे डंपर लावले गेले. डंपरनं कचरा उचलणं किती महाग पडतं हे कुठल्याही आरोग्य निरीक्षकाला विचारा. कॉम्पॅक्टर कचरा दाबून साधारण एक तृतीयांश करतो. डंपरमध्ये तो सैल राहतो, म्हणून खेपा तिप्पट. मागं उचलणारी यंत्रणा नसते, त्यामुळं फावड्यानं भरायला माणसं जास्त. खालून घाण पाणी रस्त्यावर गळतं आणि डेपोच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते. तीन दिवस शहरात कचरा साचला आणि खासगी कंपन्यांना परत बोलवावं लागलं. असं हस्तांतरण करायचं तर किमान आठ महिने आधी वाहनांची निविदा, सहा महिने आधी चालकभरती, दोन महिने आधी दोन-तीन प्रभागांत चाचणी, आणि जुन्या ठेकेदाराला महिनाभर मुदतवाढीचं कलम करारात राखून ठेवायचं. हे बंडखोरीत कुणी शिकवत नाही.

याच कारणावरून डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं पेत्रोंना पदावरून काढलं आणि पंधरा वर्षांची बंदी घातली. मार्च 2014 ला ते गेले, एप्रिलमध्ये परत आले. 2020 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं ही कारवाई चुकीची ठरवली. मलाही ती चूकच वाटते. लोकांनी निवडलेला माणूस लोकांनी किंवा न्यायालयानं काढावा, अधिकाऱ्यानं नाही. कचऱ्याचं नियोजन मात्र महापौरांचंच फसलं होतं. त्याच पेत्रोंनी 2012 मध्ये शहरात शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी आणली. तिथं परवाने लष्कराच्या हाती असल्यामुळं त्यासाठी लष्कराची मंजुरी घ्यावी लागली, आणि ती त्यांनी घेतली.

पोलिसांचं म्हणाल तर तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, माजी बंडखोराला पोलिसाची वर्दी देणं. दुसरी, त्याला देखरेख मंडळावर बसवणं. तिसरी, त्याला मंत्री करणं.

वर्दीची वाट एल साल्वादोरनं घेतली. सरकार आणि गनिमांमधला 16 जानेवारी 1992 चा करार. जुने राष्ट्रीय रक्षक दल आणि खजिना पोलीस बरखास्त. नव्या नागरी पोलिसांत 20 टक्के माजी गनीम, 20 टक्के जुन्या राष्ट्रीय पोलिसांतले आणि 60 टक्के दोन्ही बाजूंशी संबंध नसलेले नागरिक. शिपायासाठी नववी उत्तीर्ण ही अट आणि प्रबोधिनीत साधारण सहा महिन्यांचं प्रशिक्षण. कागदावर उत्तम. बिघडलं कुठं? जुन्या गुन्हे अन्वेषण आणि अमली पदार्थविरोधी शाखा अख्ख्याच्या अख्ख्या नव्या दलात वर्ग केल्या. एकेकाची पडताळणी झालीच नाही. दुसरीकडं मे 1993 मध्ये निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात स्फोट झाला आणि गनिमांनी न सांगितलेला शस्त्रसाठा उघड झाला. म्हणून सांगतो, शाखा कधीही एकगठ्ठा वर्ग करू नये. माणूस सुटा घ्यावा, त्याची पडताळणी सुटी करावी. शस्त्रांची यादी अनुक्रमांकासह आणि काडतुसांच्या आकड्यासह बाहेरच्या साक्षीदारांसमोर करावी, आणि ते संपल्याशिवाय भरतीची जाहिरातही काढू नये.

देखरेख मंडळाची वाट उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची. तिथं आधी शस्त्रं निकामी, मग मंडळावर जागा असा क्रम पाळला. नवं पोलीस दल 4 नोव्हेंबर 2001 ला आलं आणि भरतीत दहा वर्षं निम्मे कॅथलिक घेण्याचा नियम होता. आयआरए या कॅथलिक समाजातल्या सशस्त्र संघटनेची शस्त्रं सप्टेंबर 2005 मध्ये दोन धर्मगुरूंच्या साक्षीनं निकामी झाली. आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षानं 28 जानेवारी 2007 च्या अधिवेशनात पोलिसांना मान्यता दिली आणि त्यानंतरच त्यांचे लोक पोलीस मंडळावर बसले. त्यांत शिक्षा भोगून आलेल्या माजी आयआरए सदस्यही होत्या. हे मंडळ 19 जणांचं, 10 राजकारणी आणि 9 स्वतंत्र. ते पोलीसप्रमुख नेमतं, अंदाजपत्रक आणि वार्षिक आराखडा तपासतं, पण 'याला पकड, त्याला सोड' असा आदेश देऊ शकत नाही. न्यायखातं 2010 मध्ये स्थानिक सरकारकडं आलं तेव्हा मंत्रिपद दोन्ही मोठ्या बाजूंना न देता अलायन्स पक्षाच्या डेव्हिड फोर्ड यांना दिलं. यातली शहाणी गोष्ट ही की माजी बंडखोर पोलिसांचे साहेब झाले नाहीत, हिशेब विचारणारे झाले.

मंत्र्याची वाट उरुग्वेची. सप्टेंबर 1971 मध्ये मोंटेव्हिडिओच्या पुंता कारेतास तुरुंगातून भुयार खणून तुपामारो या शहरी गनिमी संघटनेचे शंभराहून जास्त लोक पळाले, त्यात होसे मुहिका होते. ते 2010 ते 2015 राष्ट्राध्यक्ष होते. दुसरे तुपामारो एदुआर्दो बोनोमी 2010 ते 2020 सलग दहा वर्षं अंतर्गत मंत्री, म्हणजे पोलिसांचे मंत्री. त्यांनी 2016 मध्ये राजधानीतल्या नेमक्या ठिकाणी आणि नेमक्या वेळी गस्तीचं पूर्णवेळ पथक आणलं. पोलिसांनी त्यांचं ऐकलं. कारण साधं आहे, पोलीस बदली, बढती, पगार आणि वाहन यांकडं बघतो. हे वेळेवर देणाऱ्याचं पोलीस ऐकतात, त्याचा इतिहास काहीही असो. तरी 2018 मध्ये तिथं खून एकदम वाढले, हेही सांगायला हवं.

आपल्याकडं हा प्रश्न असा उद्भवतच नाही. सांगली मिरज कुपवाडचा महापौर असो की साताऱ्याचा नगराध्यक्ष, पोलीस त्याच्या हाताखाली नाहीत. अधीक्षक राज्याच्या गृहखात्याला बांधील. महापालिकेतसुद्धा अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडं. भूमिगत माणसाला पोलिसांपर्यंत पोचायचं तर गृहखात्यातूनच जावं लागतं, चव्हाण गेले तसं. मिझोराममध्ये बंडखोरांचे नेते लालडेंगा 1986 च्या करारानंतर थेट मुख्यमंत्री झाले. आपल्याकडं चुकलं ते छत्तीसगडमध्ये. पाचवी पास पोरांना दोन महिन्यांचं शिक्षण आणि तीन हजार मानधन देऊन नक्षलवाद्यांविरुद्ध विशेष पोलीस अधिकारी केलं, आणि 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. वर एल साल्वादोरच्या अटी दिल्यात, त्या शेजारी ठेवून बघा.

दोन गोष्टी मान्य करतो. प्रतिसरकार खेड्यांतलं होतं, शहरी गनिमी लढा नव्हता, त्यामुळं तुलना पूर्ण जुळत नाही. आणि त्याच्या नावावर दरोडे घालणाऱ्या, जुनी वैरं काढणाऱ्या टोळ्याही त्या वेळी होत्या. अशांना पकडून शिक्षा करण्याचं काम तुफान सेनेलाच करावं लागलं. 'पत्री'च्या गोष्टी सांगणारे या टोळ्या आणि न्यायदान मंडळं यांत फरक करत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.