६.५ सीसीच्या ग्लो इंजिनाला कोणता प्रोपेलर लावू: ९×७, १०×६ की ११×५?

तुमच्याकडे वरच्या पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं मॉडेल विमान आहे, त्यावर ६.५ सीसीचं, म्हणजे ज्याला आपण .४० (घनइंच) म्हणतो ते दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणारं) आहे, आणि इंजिनाच्या माहितीपत्रकात ९×७, १०×५, १०×६ आणि ११×५ असे चार प्रॉप (प्रोपेलर) दिलेत. चारही 'चालतात' म्हटल्यावर निवडायचा कुठला, हा तुमचा प्रश्न.

सरळ सांगतो, १०×६ घ्या. इंजिन कोरं असेल तर रन-इनपुरता, म्हणजे सुरुवातीला ते रुळेपर्यंत, १०×५ लावा. ९×७ या विमानासाठी विसरा. ११×५चं काय ते खाली येतंच.

माहितीपत्रकातली यादी फक्त एवढंच सांगते की हे प्रॉप इंजिनाला झेपतील. विमानाला कुठला लागेल हे ती सांगत नाही, कारण इंजिन बनवणाऱ्याला तुमचं विमान माहीतच नसतं. नवे लोक इंजिन बघून प्रॉप घेतात आणि मग विमान उचलत नाही किंवा उतरताना खाली बसत नाही म्हणून इंजिनाला दोष देतात.

पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. घसरण शून्य धरली तर एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढे सरकेल तेवढा पिच. यावरून एक कामाचा हिशोब निघतो: आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, की ताशी किलोमीटर मिळतात. १०×६ जमिनीवर १२,००० आरपीएम देत असेल तर पिचचा वेग येतो ताशी ११० किलोमीटर. तेच इंजिन हलका पडणारा ९×७ साधारण १३,१०० ने फिरवेल, म्हणजे ताशी १४०. जाड पंखाचं, खाली चाकं लोंबणारं ट्रेनर त्या वेगाच्या आसपासही जात नाही. मग तो पिच वाया जातो. उलट जमिनीवर उभ्या विमानात एवढ्या पिचची पाती हवेला फार तिरकी पडतात आणि चक्क स्टॉल होतात, म्हणजे त्यांची हवेवरची पकड सुटते. तिसऱ्या गिअरवर गाडी उचलायला जावं तसं होतं: आवाज भरपूर, विमान मात्र धावपट्टीवर रेंगाळतंय.

उतरतानाही पिच नडतो, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. ३,००० आरपीएमच्या आयडलला (थ्रॉटल पूर्ण कमी केल्यावर) ६ इंच पिच ताशी २७ किलोमीटर देतो, ७ इंच ३२. ट्रेनरचा उतरण्याचा वेग आधीच कमी. आयडलचा पिच-वेग त्याच्या जितका जवळ, तितकं विमान जमिनीवर तरंगत राहणार आणि धावपट्टी संपत येणार. पिच कमी असेल तर तोच प्रॉप आयडलला ब्रेकचं काम करतो.

आता ११×५. 'व्यास एक इंच वाढवला की पिच एक इंच कमी करा, इंजिनावरचा भार तोच राहतो' असं सर्रास सांगितलं जातं. ते ढोबळमानानेच खरं आहे. एकाच आरपीएमला प्रॉपला लागणारी ताकद साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, पिचच्या मात्र पहिल्याच घाताने. करून बघा: १०चा चौथा घात गुणिले ६ म्हणजे ६०,०००, ११चा चौथा घात गुणिले ५ म्हणजे ७३,२०५. ११×५ सुमारे २२ टक्के जड पडला! बरोबरीचा हवा असेल तर ११×४ लागेल. अर्थात ताकद आरपीएमच्या घनाने बदलते, म्हणून एवढा भार वाढूनही फेरे सहा-सात टक्केच उतरतात, १२,००० चे ११,२०० वगैरे. इंजिन रन-इन झालेलं असेल तर ते सहज सोसतं. त्यामुळे मैदान आखूड असेल, किंवा गवतातून विमान लवकर सुटत नसेल, तर ११×५ चांगला. फक्त आधी विमान सपाट उभं करून पात्याचं टोक जमिनीपासून किती वर राहतं ते बघा. व्यास इंचाने वाढला की टोक अर्धा इंच खाली येतं, आणि पुढचं चाक खड्ड्यात दबलं की आणखी.

भार फार झाला तर इंजिन कण्हतं, तापतं आणि वेळेआधी पेट घ्यायला लागतं. अशा धक्क्याने कधी नटच सैल होतो. भार फार कमी झाला तर ते वेड्यासारखं फिरतं आणि कनेक्टिंग रॉडचं आयुष्य खातं.

यासाठी टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, हवाच. कानावर भरवसा ठेवू नका. टॅको बरोबर आहे का ते तपासायची सोपी युक्ती: दोन पात्यांच्या सेटिंगवर तो जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे धरा. ५० हर्ट्झच्या विजेवर नळी सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून ३,००० दिसायला हवेत. जमिनीवर फुल थ्रॉटलला मिळालेले फेरे हवेत थोडे वाढतात, कारण विमान पुढे जाऊ लागलं की प्रॉपवरचा भार उतरतो. त्यामुळे इंजिनाची कमाल ताकद ज्या आरपीएमला येते, त्याच्या जरा खालीच जमिनीवरचा आकडा असू द्या. माहितीपत्रकातला १५-१६ हजारांचा आकडा गाठायच्या मागे लागू नका. ट्रेनरच्या प्रॉपवर तो येत नाही, येऊही नये.

विमानाच्या शेपटीला स्प्रिंगचा काटा बांधून ओढ मोजायची हौस अनेकांना असते. करा, मजा येते, पण त्यावरून प्रॉप ठरवू नका. उभ्या विमानात मोठ्या व्यासाचा, कमी पिचचाच जिंकणार, आणि हवेत तोच अर्ध्या वाटेवर दम टाकेल.

खरेदी करताना आकड्यांइतकंच त्यांच्या पुढच्या अक्षरांकडे बघा. 'ई' म्हणजे इलेक्ट्रिक मोटरचा, 'एसएफ' म्हणजे स्लो-फ्लायर, हळू उडणाऱ्या हलक्या विमानांचा. एपीसी या कंपनीच्या स्लो-फ्लायरची आरपीएमची मर्यादा ६५,००० भागिले व्यास, म्हणजे १० इंचाला ६,५००. तुमचं इंजिन त्याच्या जवळजवळ दुप्पट फिरवणार. असं पातं मुळातून तुटून उडालं तर काय होईल ते सांगायला नको. ग्लो इंजिनासाठी काचतंतू मिसळलेला नायलॉन किंवा लाकूड घ्या. शिकताना नायलॉनच बरा, गवताला घासला तरी टिकतो. लाकडी हलका असतो, पण नाक टेकलं की संपला. धातूचा कुणी फुकट दिला तरी लावू नका.

नवा प्रॉपही बॅलन्सरवर ठेवून बघा, बहुतेक वेळा एक पातं खाली झुकतं. जड पात्याच्या टोकाकडच्या बाजूला बारीक सँडपेपर फिरवा, मुळाशी हात लावू नका. हलक्या पात्यावर लॅकरचा हात दिला तरी चालतं. हे सोडून दिलं तर कंपनाने टाकीतल्या इंधनाला फेस येतो, बुडबुडे इंजिनात जातात, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आणि माणूस बिचारा नीडल (इंधन कमी-जास्त करायची सुई) फिरवत बसतो.

बसवताना छापील आकडे पुढे, उडायच्या दिशेला हवेत. भोक मोठं करायचं तर रीमरनेच, हातातल्या ड्रिलने ते हमखास तिरकं जातं. इंजिन चालू असताना प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, नीडल विमानाच्या मागून फिरवायची. १० इंची प्रॉपचं टोक १२,००० आरपीएमला सेकंदाला १६० मीटर जात असतं. पात्याला चीर किंवा खोल ओरखडा दिसला तर तोडूनच कचऱ्यात टाका, नाहीतर कुणीतरी उचलून लावतो.

तीन पात्यांचा दिसायला छान दिसतो. हौस असेल तर व्यास साधारण इंचभर कमी घ्या, म्हणजे ९×६, आणि टॅकोवर १०×६च्या जवळपास आकडा येतोय का बघा. कुठलाही प्रॉप बदलला तरी नीडल नव्याने लावावी लागते: आधी रिच करा, म्हणजे इंधन जास्त सोडा, मग हळूहळू आवळत न्या, आणि कमाल फेऱ्यांच्या दोन-तीनशे आरपीएम अलीकडे, रिच बाजूला थांबा.