राखेखालचा विस्तव आणि ओढ्याकाठचा तंबू

प्रश्न : जंगलात मुक्काम होता. रात्री शेकोटीवर माती लोटून झोपलो, तरी सकाळी तिथून धूर येत होता. काय चुकलं?

उत्तर : मातीनेच घात केला. माती टाकली की ज्वाळा दिसेनाशा होतात, पण निखारे खाली धुमसत राहतात. राखेखाली झाकलेला विस्तव टिकतो, तसंच हे. जमिनीत वाळकी मुळं असतील तर आग मुळांतून सरकत भलतीकडेच वर येते.

झोपायच्या बऱ्याच आधी लाकूड घालणं थांबवा, आहे ते जळून राख होऊ द्या. मग थोडं थोडं पाणी ओता. एकदम ओतलं तर वाफ आणि गरम राख अंगावर येते. काठीने ढवळा, अर्धवट जळालेले ओंडके उलटून खालची बाजूही भिजवा. चर्र आवाज थांबेपर्यंत हेच करत राहा. शेवटी उलटा हात राखेजवळ न्या. ऊब लागली, तर आणखी पाणी.

एवढं पाणी जवळ नसेल, तर शेकोटी पेटवूच नका. पेटवलीत तर भोवतीचा 3 मीटरपर्यंतचा पाचोळा आधी झाडून काढा आणि मनगटापेक्षा जाड लाकूड घालू नका. ते रात्रभर विझत नाही. भोवती ओढ्यातले दगड रचू नयेत. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटतात.

प्रश्न : ओढ्याकाठची सपाट वाळू तंबूला चांगली ना?

उत्तर : दिसायला चांगली. डोक्यावर चांदणं असतानाही वरच्या डोंगरात पाऊस झाला, तर लोंढा येतो. काठच्या झुडपांत काटक्या-पाचोळा कितीशा उंचीवर अडकलाय ते पाहा. पूर्वी पाणी निदान तिथवर चढलं होतं. शिवाय रात्री थंड हवा सखल भागात साचते, आणि जनावरं पाण्यावर येतात ती वेगळीच. पाण्यापासून 60 मीटर लांब, थोड्या उंचवट्यावर तंबू लावा. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, हेही बघा.

प्रश्न : पाऊस लागला तर तंबूत स्टोव्ह चालेल?

उत्तर : अजिबात नाही, दार उघडं ठेवूनही नाही. आगीचा धोका दिसतो तरी. पण स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग; डोकं दुखून झोप येते आणि माणूस उठतच नाही.

प्रश्न : ‘निसर्गात विरघळणारा’ साबण ओढ्यात वापरावा का?

उत्तर : नाही. तो मातीतल्या जीवाणूंमुळे विघटित होतो, वाहत्या पाण्यात माशांनाच त्रास. पाण्यापासून 60 मीटरवर भांडी घासा आणि सांडपाणी जमिनीवर पसरून टाका. शौचासाठीही अंतर तेवढंच, खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर खोल. ओले टिश्यू मात्र पुरू नका, पिशवीत घालून परत आणा.