तांग चीनचा सुवर्णकाळ: वाचकांचे प्रश्न

तांग राजवटीला चीनचे सुवर्णयुग म्हणतात. म्हणजे नेमकी कोणती वर्षे?

राजवट इ.स. ६१८ ते ९०७, पण ही सगळी वर्षे काही सोन्याची नव्हती. चिनी परंपरा मान देते तो मुख्यतः दोन कालखंडांना: सम्राट ताइझोंगची कारकीर्द (६२६–६४९) आणि श्वानझोंगचे ‘काइयुआन’ पर्व (७१३–७४१). पहिलीची सुरुवात सख्ख्या भावांना मारून आणि बापाला गादीवरून उतरवून झाली, हे जाता जाता. मला विचाराल तर खरा बहर काइयुआनचा. याओ चोंग, सोंग जिंग यांच्यासारखे सम्राटाला तोंडावर नाही म्हणणारे मंत्री, राजधानी छांगआनमध्ये (आजचे शिआन) सुमारे दहा लाख वस्ती, पश्चिम बाजारात सोग्दियन (मध्य आशियातले) आणि इराणी व्यापारी, आणि ली बाय, वांग वेई, दू फू हे तिघेही कवी त्याच पिढ्यांतले. मात्र याच शहरात शंभराहून अधिक मोहल्ले तटबंद होते. संध्याकाळी नगारे झडले की त्यांच्या वेशी बंद. त्यानंतर हमरस्त्यावर सापडणाऱ्याला फटके.

७५५ साली ५ कोटी २९ लाख लोक होते, ७६४ साली १ कोटी ६९ लाख. म्हणजे सेनापती आन लुशानने श्वानझोंगविरुद्ध केलेल्या बंडात ३ कोटी ६० लाख माणसे मेली?

नाही. ही वजाबाकी हमखास केली जाते आणि ती चुकीची आहे. हे आकडे सरकारी नोंदवहीतले. तांग कारभार त्या वहीवरच उभा होता. कागदोपत्री प्रत्येक धडधाकट पुरुषाला १०० मू (जमिनीचे चिनी माप) जमीन. त्यातली ८० मू म्हातारपणी किंवा मृत्यूनंतर सरकारजमा, २० मू वारसाकडे. बदल्यात वर्षाला दोन शी (धान्याचे माप) धान्य, ठरावीक कापड आणि २० दिवसांची वेठ. नाव वहीत नाही तर कर नाही.

साहजिकच लोक वहीतून निसटत. कर्जात बुडालेला शेतकरी जमीन सोडून धनवंताचे कूळ होई आणि नोंदीतून गायब होई. काइयुआनच्या ऐन भरात, ७२१ पासून, युवेन रोंग या अधिकाऱ्याने मोहीम काढली तेव्हा अशी सुमारे ८ लाख कुटुंबे सापडली. सुवर्णयुगाच्या भिंतीतली भेग तेव्हाच दिसत होती. बंडानंतर (७५५–७६३) ईशान्येचे प्रांत माजी बंडखोर सेनापतींच्या हाती राहिले, ते ना कर पाठवीत ना याद्या. असंख्य लोक दक्षिणेकडे पळाले. माणसे अफाट मेली यात शंका नाही. पण किती, ते या दोन आकड्यांतून निघत नाही. ७८० साली सरकारने ही जुनी करपद्धतच मोडीत काढली आणि मालमत्ता व जमीन पाहून कर बसवला.

लाडकी राणी यांग गुईफेई हिच्या नादी लागून सम्राट श्वानझोंगने राज्य घालवले ना?

ही गोष्ट कवींना फार सोयीची. ७५६ मध्ये बंडखोरांपुढून पळताना मावेई येथे सैनिकांनी तिचा बळी मागितला आणि सम्राटाने तो दिला. पण सरहद्दीवरचे तीन लष्करी सुभे एकट्या आन लुशानच्या हाती कोणी सोपवले? तिथे बोट सम्राटाकडेच जाते.

या काळाचा आपल्याशी काही संबंध?

युआन श्वांग (ह्युएन त्संग) सर्वांना माहीत आहे. परदेशगमनाची बंदी मोडून तो निघाला, ६४० च्या सुमारास महाराष्ट्रात आला, पुलकेशीपुढे हर्षाचे काही चालले नाही हे त्याने नोंदवले, आणि इथल्या लोकांबद्दल लिहिले की ते उपकाराला जागतात, अपमानाचा सूड घेतात. ६४५ मध्ये तो छांगआनला परतला तेव्हा ताइझोंगने त्याचा सन्मान केला.

कमी ऐकलेले नाव गौतम सिद्ध याचे. छांगआनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय घराण्यातला हा ज्योतिर्विद काइयुआन काळात दरबारी खगोल कार्यालयाचा प्रमुख होता. ७१८ मध्ये त्याने भारतीय ‘नवग्रह’ पंचांग चिनीत आणले. त्यात नऊ अंक कसे लिहावेत आणि रिकाम्या स्थानी टिंब कसे द्यावे, हेही सांगितले आहे. चिनी गणिती तेव्हा काड्या मांडून हिशेब करीत. त्यांनी ते टिंब उचलले नाही.