ओलाव्याच्या गाण्याबद्दल

पोरी,

तुमचा पंक रॉक अल्बम तीनदा ऐकला. दोनदा घरी आणि तिसऱ्यांदा वावरात, वेचणी चालू असताना, ट्रॅक्टरच्या स्पीकरवर. त्या तिसऱ्या वेळेबद्दलच लिहायचं आहे.

पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी ‘धाडसी’ म्हणून पाठ थोपटली आणि गावात ‘नुसता धांगडधिंगा’ म्हणून हिणवलं, असं तू कळवलंस. तू खट्टू झालीस, ते कळतं. पण दोघांनीही तुझे शब्द ऐकलेले नाहीत. ते ऐकले वावरातल्या बायांनी. पहिल्या चार गाण्यांना कुणी मान वर केली नाही. सत्ता उलथवण्याच्या घोषणा त्यांनी दर निवडणुकीत ऐकल्यात. मग पाचवं लागलं, ओलाव्याचं. काट्यावरचा माणूस गाडीतल्या कापसात मीटर खुपसतो, आकड्याकडे पाहतो आणि बाप त्याच्या तोंडाकडे पाहतो. एका काकूचा हात बोंडावरच थांबला. म्हणाली, ‘‘हे गानं कोनाचं हाये? अजून एकडाव लावा बरं.’’

त्या गाण्यात एकही शिवी नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापायचा, १२ च्या वर गेला की सरकारी केंद्रावरून गाडी परत, हा नियमच तू धृपदात घेतलास. आठ, नऊ, दहा करत तू आकडे ओरडतेस आणि प्रत्येक आकड्याला ड्रम जड होत जातो. संताप असा दिसला पाहिजे. पुढचा अल्बम इथून सुरू कर.

आपल्या मातीत हे नवं नाही. तुकडोजी महाराजांच्या हातात एक खंजिरी होती, बस. १९४२ साली चिमूर पेटलं आणि इंग्रजांनी त्यांना तुरुंगात घातलं. भजनाला सरकार घाबरलं, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळत होता. मी लहानपणापासून खंजिरी भजनं ऐकत आलोय. चांगला वाजवणारा शब्द आला की हात हलका करतो आणि ओळ संपली की थाप देतो. तुमच्या मिक्सिंगमध्ये गिटार सगळ्यांच्या डोक्यावर बसलंय. ते खाली आण. पंक मऊ होईल ही भीती सोड.

वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड तुला पाठ आहे. १९९० चा त्यांचा अल्बम आपल्याच माणसांच्या डिस्कॉर्ड या छोट्या रेकॉर्ड कंपनीतून आला, मोठ्या कंपनीकडे ते गेलेच नाहीत. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिकीट ५ डॉलरच्या आसपास ठेवायचे आणि गर्दीत कुणी दांडगाई केली की गाणं थांबवून, पैसे हातात देऊन त्याला बाहेर काढायचे. त्यांचं राजकारण मंचासमोरच्या जागेतही होतं. तुमच्या मागच्या कार्यक्रमात बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पुढे पोरं एकमेकांना ढकलत होती. तू ते पाहिलंस आणि गात राहिलीस. पुढच्या वेळी थांब.

वेचणी सरत आली की गावी ये, समाजमंदिरासमोर वाजवू. त्या काकूचा एक प्रश्न तुझ्यासाठी राखून ठेवलाय. ओलावा कमी भरावा म्हणून कापूस उन्हात पसरला तर वजन घटतं, मग शेतकऱ्यानं करावं काय, आणि ते गाण्यात का नाही, असं ती विचारते. मी म्हटलं, पोरगी येईल तेव्हा तिलाच विचार.

तुझे सर