वाफेवर वाकवलेले लाकूड आणि संगणकीय आरेखन: निवड करावी का?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या संगणकावर फर्निचरची त्रिमितीय आरेखने करते आणि एका अनुभवी सुतारांकडे लाकूड वाफेवर वाकवण्याचे कामही शिकते. तिने यांपैकी एकच वाट धरावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तशी सक्ती करू नये, मात्र सध्या झुकते माप कार्यशाळेला द्यावे.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. पडद्यावरची रेषा हवी तितकी वळते. वाफेने मऊ झालेल्या लाकडाची बाहेरची बाजू मात्र जेमतेम एक-दोन टक्केच ताणली जाते आणि आतली बाजू त्याहून कितीतरी अधिक दबू शकते, म्हणून बाहेरून पोलादी पट्टी लावून तिच्या दोन्ही टोकांना अडसर ठेवावे लागतात. साच्यातून काढल्यावर लाकूड थोडे उलगडते, आणि ते किती उलगडेल हे त्याची जात, ओल, जाडी व तंतूंची दिशा यांवर ठरते. रायनो-ग्रासहॉपरसारख्या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक गृहीत धरून साचा आखता येतो आणि सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणाऱ्या यंत्रावर) अचूक कापताही येतो, पण फरकाचा आकडा मुळात तुकडे वाकवून, मोजूनच मिळवावा लागतो. तो मिळवू शकणारा आरेखनकार मला केवळ सुबक चित्रे काढणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

आरेखन आणि कारागिरी यांची ही सांगड नवी नाही. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेले फर्निचरकार मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांतच उभी राहत असे, आणि सुट्या भागांच्या रूपात अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत.

अभ्यासक्रम निवडताना संस्थेची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी आणि विद्यार्थ्यांना यंत्रांवर स्वतः किती काम करू देतात, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. (माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबू नये.) पदवीनंतर फर्निचर स्टुडिओत नमुने व साचे घडवण्याचे काम मिळू शकते, स्वतःच्या कार्यशाळेचा विचार मात्र काही वर्षे उमेदवारी केल्यानंतरच करावा, कारण सुरुवातीला उत्पन्न अनियमित असते.

तोवर तिने एकच वळण निरनिराळ्या जाडीच्या पट्ट्यांत वाकवून पाहावे आणि आरेखन, प्रत्यक्ष मापे व तुटलेल्या तुकड्यांची छायाचित्रे प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओत एकत्र मांडावीत.