ट्रॉलीच्या चाकाचे सुटे भाग: वाचकांचे प्रश्न

गाळप हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या बाहेर निघतात आणि चाकांच्या तक्रारी सुरू होतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बारीक भागांबद्दलच आहेत: कुठला भाग, कुठल्या मापाचा, आणि दुकानात मागायचा कसा.

प्रश्न : चाक जॅकवर उचलून फिरवलं की घरघर येते. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) खोललं, बेअरिंग गेलेलं आहे, पण त्यावरचा नंबर गंजानं खाल्लाय. दुकानदार नंबर विचारतो. काय सांगायचं? (कागल)

नंबर गेला तरी माप शिल्लक असतं. आधी मात्र नीट शोधा. टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या, बेअरिंगचा नंबर आतल्या रिंगच्या, म्हणजे कोनच्या, कडेवर असतो आणि बाहेरच्या कपच्या कडेवरही असतो. दोन्ही कडा रॉकेलनं पुसून कोरड्या करा, वर पांढरा खडू घासा आणि कपड्यानं हलकेच पुसा. कोरलेल्या अक्षरांत खडू अडकून राहतो आणि नंबर उमटतो.

तरीही नाही दिसला, तर व्हर्नियरनं (बारीक मापाच्या सरकत्या पट्टीनं) तीन मापं घ्या: आतलं भोक, कपचा बाहेरचा व्यास, आणि कप-कोन एकत्र बसवून एकूण जाडी. मिलिमीटर मालिकेत नंबरचे शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की भोक मिळतं. 09 म्हणजे 45, 10 म्हणजे 50.

जाडी मोजायला विसरू नका, कारण फसगत तिथंच होते. 30209 आणि 32209 या दोन्हींचं भोक 45 आणि बाहेरचा व्यास 85. पहिल्याची जाडी 20.75, दुसऱ्याची 24.75. जाडाच्या जागी पातळ दिलं तरी ते हबमध्ये बसतं, म्हणून घरी येईपर्यंत चूक कळत नाही. मग धुऱ्याच्या टोकाचा नट चार मिलिमीटर जास्त आत जातो, स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून त्याच्या खाचांतून घालायच्या दुपायी पिनचं) भोक नटाच्या खाचांच्या बाहेर पडतं, आणि भार पेलायची ताकदही कमी होते.

कप आणि कोन जोडीनंच बदला. कप चांगला दिसतोय म्हणून जुना ठेवला, तर त्याच्यावरचे जुने व्रण नव्या रोलरला खातात. नखानं कपच्या आतून ओढून बघा. नख अडकलं तर तो कप संपला. रोलर निळसर-तपकिरी पडले असतील तर बेअरिंग तापलेलं आहे. ग्रीस संपलं होतं की नट जास्त आवळला होता, हे शोधल्याशिवाय नवीन घालू नका.

नवा कोन धुऱ्यावर हातानं सरकत बसायला हवा. सैल डुलत असेल, तर धुऱ्यावर पंचाचे टिपके मारून तो घट्ट करण्याची पद्धत सोडा. टिपके थोड्याच दिवसांत झिजतात आणि कोन पुन्हा गरगर फिरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून ती जागा वेल्डनं भरून, नव्या बेअरिंगच्या मापाला टर्निंग करून घ्या. जाताना नवं बेअरिंग सोबत न्या.

प्रश्न : नवं ऑइल सील घातलं, तरी आठ दिवसांत ग्रीस चाकावर ओघळलं. सील डुप्लिकेट होतं का? (शिरोळ)

असूही शकेल, पण आधी बाकीची कारणं तपासा. सीलवर 65-90-10 असे तीन आकडे असतात: धुऱ्याचा व्यास, हबच्या भोकाचा व्यास, जाडी. जुन्या सीलची ओठ, म्हणजे धुऱ्याला टेकणारी आतली रबरी कड, मोजून नवं मागू नका. नव्या सीलची ओठ धुऱ्यापेक्षा थोडी लहान असते, जुनी झिजून मोठी झालेली असते. माप धुऱ्याचं घ्या.

मग दिशा. स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे, म्हणजे बेअरिंगकडे. उलटं बसलं की ग्रीस बाहेरच येणार. हातोडीनं एका कडेला ठोकल्यास सील वाकडं बसतं, म्हणून वर लाकडाचा सपाट तुकडा ठेवून चौफेर हळूहळू ठोका. ओठेला आधी ग्रीस लावा. धुऱ्यावर सील जिथं घासतं तिथं बोट फिरवा. खाच लागली तर कितीही चांगलं सील टिकणार नाही.

शेवटी ग्रीस. बेअरिंगच्या रोलरमध्ये पूर्ण भरा, पण हबच्या पोकळीत अर्ध्यापेक्षा कमी. गच्च भरलं की तापतं, फुगतं आणि सीलमधून वाट काढतं. चाकासाठीचं लिथियम ग्रीस वापरा, आणि जुन्यावर नवं न थोपता आधी डिझेलनं धुऊन पूर्ण सुकवा.

प्रश्न : स्प्लिट पिन मिळाली नाही म्हणून खिळा वाकवून घातलाय. चालेल का? (राधानगरी)

नाही. तो आजच काढा. खिळा हादऱ्यानं तुटतो, नट सुटतो आणि भरल्या ट्रॉलीचं चाक निघतं. पिनचं माप म्हणजे ती ज्या भोकात जाते त्या भोकाचा व्यास. चारचं भोक असेल तर चारची पिन मागा. लांबी इतकी हवी की दोन्ही पाय नटावर वळतील. एकदा सरळ केलेली पिन पुन्हा वापरू नका. दहा-बारा एकदम घेऊन डब्यात ठेवा.

नट असा लावा: चाक हातानं फिरवत फिरवत आवळा, चाक जड वाटायला लागलं की थांबा, मग साधारण एक खाच मागे घ्या. खाच आणि भोक जुळत नसेल तर आणखी सैल करून जुळवा, आवळून नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यावर अगदी किंचित हालचाल जाणवली पाहिजे आणि फिरवल्यावर ते मोकळं फिरलं पाहिजे.

प्रश्न : चाकाचा एक बोल्ट तुटला. दुकानातला नवा नट दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. (हातकणंगले)

व्यास बरोबर आहे, आट्यांचं अंतर चुकलंय. बोल्टवर पट्टी ठेवून दहा आट्यांची लांबी मोजा. 15 मिलिमीटर भरली तर अंतर दीड, 25 भरली तर अडीच. 18 मिलिमीटरचा बोल्ट दोन्ही अंतरांत मिळतो. नट पान्यानं जबरदस्ती चढवला की दोघांचेही आटे जातात.

बोल्ट मागताना व्यास, अंतर, लांबी, आणि डोक्याखालच्या दाते असलेल्या मानेचा व्यास सांगा. ती मान हबमध्ये घट्ट बसते. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे ताकदीचे आकडे असतील तर नव्यावरही तेच हवेत. तुटलेला बोल्ट हबला वेल्ड करू नका, उष्णतेनं त्याची ताकद जाते. जुन्या नटाचं तोंड उतरतं असेल तर रिमच्या भोकाला तसाच नट लागतो, सपाट नट तिथं सैल पडतो.

नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा. पहिली भरलेली खेप झाली की कारखान्यावर ट्रॉली रिकामी होताच सगळे पुन्हा एकदा तपासा.