भोक लाकडाला, फ्रीझरला नाही

गेल्या अंकात आडव्या डीप फ्रीझरमधून घरची बिअर नळाने देण्याचा ओझरता उल्लेख आला होता. म्हणजे घरी केलेली बिअर केगमध्ये (धातूच्या उभ्या पिंपात) भरून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) दाबाने नळातून काढायची. त्यावर आलेली पत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या वाचकांची आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सात घनफुटांचा फ्रीझर घेतला. तीन नळ हवेत. भोकं पुढच्या पत्र्यात पाडू की झाकणात? (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्हीकडे नको. भिंतींच्या आत, पत्र्याला चिकटून, थंडावा देणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात आणि बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. ड्रिल एकीला लागलं की फ्रीझर भंगारात. नव्या मॉडेलांत बहुधा आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेटही घेतो. झाकणात सहसा नळ्या नसतात, पण त्यावर नळांचा खांब बसवला तर झाकणाबरोबर तोही दरवेळी उचला, आणि खांबातली बिअर कोमट होते ती वेगळीच.

म्हणून फ्रीझरची कड आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात आणि भोकं तिला पाडतात. दुकानात ‘टू बाय एट’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वासात इंच रुंद भरते, हे माप धरूनच हिशेब करा. फळी घेताना एका टोकाला डोळा लावून सरळ बघा. पीळ दिसला तर ती तिथेच ठेवा, कारण पिळलेल्या फळीवर झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात टेकत नाही आणि तिथून रात्रंदिवस दमट हवा आत शिरते. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर कोपरे काटकोनात आहेत. बाहेरून पॉलियुरेथेनचे दोन हात द्या, आतून एक इंच जाडीचा फोमबोर्ड चिकटवा. लाकूड आणि फोम मिळून अडीच इंच होतात, तेव्हा नळामागची शँक, म्हणजे चौकटीतून आरपार जाणारी पोकळ दांडी, चार इंची घ्या. तीन इंचीत नट फिरवायला जागाच उरत नाही. भोक 7/8 इंचाचं, नळांमध्ये अंतर किमान चार इंच.

चौकट फ्रीझरला सिलिकोनने चिकटवायची की झाकणाला जोडायची, यावर लोक भांडतात. फ्रीझरला चिकटवली तर बिजागऱ्या चौकटीच्या मागे येतात आणि नळ जागचे हलत नाहीत, पण भरलेला केग, म्हणजे सुमारे 23 किलो, सव्वासात इंच जास्त उचलावा लागतो. झाकणाला जोडली तर कंबर वाचते; मात्र बिजागऱ्यांच्या स्प्रिंगवर बोजा येतो आणि झाकण उघडं न राहता धाडकन खाली येतं. दुसरा माणूस हाताशी असेल तर पहिला मार्ग बरा.

लाकूड आणण्याआधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून तळाशी मांडून बघा. जोडणीवरून केगचे दोन प्रकार : बॉल-लॉक साधारण साडेआठ इंच व्यासाचा आणि 25 इंच उंच, पिन-लॉक नऊ इंच व्यासाचा पण बुटका. कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर 5 पौंडी सीओटू सिलिंडर ठेवा.

फ्रीझर तसाच चालू ठेवला तर बिअरचा बर्फ करील. त्याचा प्लग बाहेरच्या तापमान नियंत्रकात लावा. तापमान 38 अंश फॅरनहाइट, फरक 2 अंश (तेवढं वर चढलं की कॉम्प्रेसर सुरू), कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची विश्रांती 5 मिनिटं. सेन्सर हवेत लोंबकळू देऊ नका. केगच्या पोटाला टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा बांधा. हवेतला सेन्सर झाकण उघडताच घाबरतो आणि कॉम्प्रेसर उगाच पळवतो.

प्रश्न : दाब 12 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), केगपासून नळापर्यंतची नळी चार फूट. निम्मा ग्लास फेस! दाब कमी करू का? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

दाबाला हात लावू नका. 38 अंशांना 12 पीएसआयवर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू मुरतो, आणि ‘एल’ जातीच्या बहुतेक बिअरसाठी तेवढाच हवा. दाब उतरवला तर आधी नळीत बुडबुडे सुटतील, मग आठवड्याभरात बिअर मिळमिळीत होईल. दोष नळीचा आहे. तोटीपाशी पोचेपर्यंत नळीने दाब गिळायला हवा. 3/16 इंच आतल्या व्यासाची नळी दहा फूट लावा. वाटलं तर नंतर अर्धा-अर्धा फूट कापता येते. आखूड नळी काही लांब करता येत नाही.

फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर कारण वेगळं. थंड हवा तळाशी बसते, वरची चौकट आणि नळ कोमट राहतात. 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा तळाशी ठेवून हवा वर चौकटीकडे फेका. आणि तोटी एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडी तोटी म्हणजे फेसाचा कारखाना.

प्रश्न : सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा संध्याकाळी 800 पीएसआयवर होता, सकाळी 550. गॅस गळतोय? (डॅलस, टेक्सस)

गळत नाही, थंड झाला आहे. आत द्रवरूप सीओटू असेपर्यंत काटा फक्त तापमान दाखवतो : खोलीत साधारण 840, फ्रीझरमध्ये साडेपाचशेच्या आसपास. द्रव संपला की मग काटा कोसळतो. किती उरलाय हे कळायला सिलिंडर वजनकाट्यावर तोला आणि त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. खरी गळती शोधायची असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. केगच्या झाकणाची रिंग बसत नसेल तर खाद्य दर्जाचं वंगण लावा आणि क्षणभर 30 पीएसआय द्या.

गळती सापडली तर फ्रीझरमध्ये लगेच डोकं घालू नका. सीओटू हवेपेक्षा जड, तळाशी तळं साचतं. झाकण उघडं टाकून, पंखा लावून आधी हवा खेळू द्या. 5 पौंड सीओटू मोकळा झाला की सव्वा घनमीटर भरतो. बंद तळघरात हे विसरू नये.

प्रश्न : तुमच्याच आकड्यांवर बिअर सपक लागते. (डेन्व्हर, कोलोरॅडो)

समुद्रसपाटीचे आकडे तुमच्या उंचावरच्या शहराला लागू नाहीत. दर 2000 फुटांमागे साधारण 1 पीएसआय वाढवा. तुमच्याकडे 12 ऐवजी साडेचौदा.

प्रश्न : तळाशी पाणी साचतं, कुबट वास येतो. (मिसिसागा, ऑन्टारिओ)

पुन्हा पुन्हा वाळवता येणारी ओलावा शोषणारी डबी ठेवा आणि रबरी पट्टीत कागदाचा कपटा अडकवून ओढा. जिथून सहज निघतो तिथे फट आहे. वास बहुधा सांडलेल्या बिअरचा. दर केगनंतर नळ्या अल्कलाइन क्लीनरने पंधरा मिनिटं धुवा, तोटी सुटी करून घासा.

प्रश्न : हेच पुण्यात करता येईल का?

फ्रीझरचं करता येईल, बिअरचं नाही. अमेरिकेत 1979 पासून संघराज्याच्या कायद्याने प्रौढ माणसाला घरापुरती वर्षाला 100 गॅलन बिअर करता येते, दोन प्रौढांच्या घरात 200. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती केली तरी. तोच सांगाडा सोड्यासाठी मात्र मस्त चालतो : 4 अंश सेल्सिअस, 30 पीएसआय, आणि इतक्या दाबाला 20 ते 25 फूट नळी. नियंत्रक 230 व्होल्टचा घ्या, आणि सीओटू वेल्डिंगच्या दुकानातून नको, खाद्य दर्जाचा मागून घ्या.